आवाज कुठून येतो?

आमच्या घरची येझदी माझ्यापेक्षा वयाने मोठी. तिला बनविणारा म्हैसूरचा कारखाना १९९६ साली बंद पडला. तिचा जन्म त्याआधीचा, माझा बराच नंतरचा. सिलिंडर एकच, पण सायलेन्सर दोन. किकचा दांडा तोच, गाडी सुरू झाल्यावर वळवला की गिअरचा. पेट्रोलमध्ये ऑइल कालवून पाजावे लागते. अशा गाडीला आवाज पुष्कळ, पण ते सारे ओळखीचे. गेल्या दिवाळीनंतर मात्र एक परका आवाज तिच्या अंगात शिरला.

चंद्रपूरहून मूलकडे परतताना लोहारा मागे पडले, जंगल लागले, की खट्-खट्-खर्र. चिचपल्लीपर्यंत तो सोबतीला असे. त्या रस्त्यावर सांजवेळी थांबून इंजिनाला कान लावण्याचा सल्ला कोणी शहाणा देणार नाही. आवाज वाघाचा नाही, एवढेच नक्की होते.

मिस्त्रीने उभ्या गाडीची मूठ पिळली, मान हलवली आणि म्हणाला, "कनेक्टिंग रॉड गेला. इंजिन खोलावे लागेल." त्याने सांगितलेल्या रकमेत माझे उरलेले शिक्षण झाले असते. घरी गाडी विकण्याच्या गोष्टी सुरू झाल्या. गाडी गेली असती तर माझे कॉलेजही बहुधा गेले असते.

तेव्हा मी तर्कशास्त्राच्या तासाला शिकलेली व्यतिरेक पद्धती वापरली. (सरांनी याचे गुण द्यावेत.) नंबरप्लेट काढून पाहिली, आवाज कायम. टूलबॉक्समध्ये चिंध्या कोंबल्या, कायम. लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक इंजिनावर आणि मूठ कानाला लावली. उभ्या गाडीत काहीच वावगे नाही. मग एका उतारावर गाडी न्यूट्रल केली, इंजिन बंद केले. तरीही खट्-खट्! म्हणजे इंजिन निर्दोष होते. दोष चाकाबरोबर फिरणाऱ्या कशात तरी होता.

बाबा मागे बसले होते. मी ओरडलो, "बाबा, आला आवाज!" ते काही बोलले नाहीत. पुन्हा ओरडलो. शेवटी गाडी थांबवून त्यांच्याकडे तोंड करून विचारले.

"कोनता आवाज बे? मले त काई आयकू नाई येत."

हे ते गाडीविषयी बोलत नव्हते. आरामशिनीवर तीस वर्षे काढलेला माणूस हाकेला ओ देत नाही, याला आम्ही घरात सगळे त्यांचा तऱ्हेवाईकपणा समजत होतो. आई तर त्यावरून भांडायची. मला गाडीची खुटखुट ऐकू आली होती, आणि हे आले नव्हते.

घरी येऊन गाडी मधल्या स्टँडवर घेतली. बाबांनी मला गिअर टाकून चाक फिरवायला लावले आणि स्वतः डोळे मिटून एकेका भागावर तळहात ठेवत गेले. चेनच्या बंद डब्यावर हात थांबला.

"हे पाय. इथं मारते."

डबा उघडला. चेन सैल होऊन लोंबत होती आणि आतल्या पत्र्यावर तिने घासून चांदीसारखी रेघ पाडली होती. मागच्या चाकाचा नट सैल करून चेन ताणली, ग्रीस दिले. पैसे ग्रीसपुरते लागले.

"गेला का?" बाबांनी विचारले. मी "हो" म्हटले. मग आठवण होऊन मान हलवली.

गाडी आता मुकाट चालते. वाटेत बाबांशी काही बोलायचे असले, की मी ती रस्त्याकडेला घेतो आणि मागे वळतो.