मुरमावरचा चिनी गुलाब

सोलापुरास बदली होऊन आल्यावर जे भाड्याचे घर मिळाले, त्याच्या दर्शनी भिंतीलगत दीड हात रुंदीची मुरमाड पट्टी होती, आणि तीवर हिरवळ राखण्याचा आधीच्या बिऱ्हाडकरूंचा प्रयत्न तेथील उन्हाने केव्हाच निकालात काढला होता. शेजारच्या सेवानिवृत्त शिरस्तेदारांनी आपल्या अंगणातील चिनी गुलाबाच्या बोट-बोटभर काड्या माझ्या हाती ठेवल्या आणि फर्मावले, "रावसाहेब, खोचा आणि विसरा. रोज पाणी घालाल तर कुजतील."

सुईसारख्या, परंतु रसाने तटतटलेल्या पानांतच ज्याचा पाण्याचा साठा, त्या झाडास मुरमाचा निचरा मानवावा यात नवल नाही. कारण त्याचे मूळ वतन अर्जेंटिना, उरुग्वे व दक्षिण ब्राझील या मुलखात, आणि मेंडोसाच्या परिसरातील रेताड भूमीत गिलीज नामक स्कॉटिश डॉक्टरास आढळलेल्या या वनस्पतीचे शास्त्रीय वर्णन हूकर यांनी १८२९ साली प्रसिद्ध केले. पावसाळा सरेपर्यंत माझी पट्टी जांभळ्या, केशरी, पिवळ्या फुलांनी भरून गेली.

ही फुले उन्हे चढली की उमलतात व दुपार कलली की मिटतात, म्हणून लोक त्यांना वक्तशीर समजतात. मला, ज्याचा जन्म हजेरीपटावर सह्या करण्यात गेला त्याला, हा लौकिक मान्य नाही. आषाढात आभाळ दाटले की ती खुशाल गैरहजर राहतात आणि रजेचा अर्जही करीत नाहीत.

एकेरी पाकळ्यांच्या फुलात मधोमध पिवळ्या पुंकेसरांचा झुबका असतो. आगकाडीचे टोक त्यास एका अंगाने हलकेच लावले, तर केसर अंग चोरून दूर न सरता स्पर्शाच्याच दिशेस झुकतात; मधमाशीच्या अंगास पराग माखण्याची ही युक्ती पाहण्यात माझी कचेरीची वेळ अनेकदा टळली आहे. पुढे बोंडाचे टोपण आडवे फाटून सुटे होते, आणि आत खसखशीएवढे, पोलादी झाकेचे बी दिसते.

पहिल्या सरींनंतर त्याच पट्टीत, कोणी न लावता, याची भाऊबंद घोळ उगवे. ती निंदण्याचा मक्ता शिरस्तेदारांच्या काकूंकडे होता. दुपारी डाळ घातलेली आंबटसर भाजी वाटीभर आमच्याकडे येई, आणि पट्टीत फुलास किती जागा द्यावी व भाजीस किती, हा दावा आमच्या घरात दर पावसाळ्यात नव्याने दाखल होई.