धंद्याचा कान

(द्वितीय वर्ष, कला)

माणसाला कान दोनच. पण पोटासाठी तो जो धंदा करतो, तो त्याला आणखी एक तिसरा कान देतो! कुंभार मडक्यावर टिचकी मारून तडा गेलेले कोणते ते ओळखतो. एस.टी.चा ड्रायव्हर प्रवाशांच्या कलकलाटातही घंटी ओळखतो. एकीला गाडी थांबते, दोहोंना सुटते. इतरांना जो नुसता आवाज, ती त्यांची भाषा असते.

आमच्या इचलकरंजीची भाषा म्हणजे मागाची खडखड. १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी येथे पहिला यंत्रमाग बसविला. आज धोट्याविना चालणारे नवे माग आले आहेत, तरी जुन्या मागांची खडखड गल्लोगल्ली आहेच. रात्री वीज जाऊन माग थांबले, तर शांततेनेच आम्हांला जाग येते!

माझे आबा तीस वर्षे मागावर आहेत. साध्या मागाचा धोटा मिनिटाला शंभराहून अधिक वेळा या पेटीतून त्या पेटीत फेकला जातो. एकदा मी डबा घेऊन गेलो होतो. दाराशी भाकरी खाताना आबांचा घास हातातच थांबला. "तिसऱ्या मागाचा धोटा पेटीत बसंना झालाय," म्हणाले आणि उठले. मला तर सगळा एकच खडखडाट!

हेच आबा घरी मात्र 'साठ' म्हटले की 'आठ' ऐकतात. असे का व्हावे? कॉलेजच्या ग्रंथालयात याचे उत्तर मिळाले. रोज आठ तास ८५ डेसिबलच्या वरचा आवाज वर्षानुवर्षे कानी पडला, तर कानाच्या आतील सूक्ष्म पेशी मरतात. त्या पुन्हा उगवत नाहीत. आधी हरवतात ते बारीक, उंच ध्वनी. 'स' आणि 'श' त्यांतलेच. मागाचा ठोका जाड असतो, शिवाय तो फरशीतून पायांनाही कळतो. म्हणून माग ऐकू येतो आणि माणूस ऐकू येत नाही. तांबटकाम करीत म्हातारा झालेला माणूस ठार बहिरा होतो, हे रामाझिनी या इटालियन वैद्याने १७१३ सालच्या आपल्या ग्रंथात लिहून ठेवले आहे. तीनशे वर्षे झाली!

डॉक्टरांनी आबांना कानात बोळे घालायला सांगितले. आबा हसले. "कान झाकलं तर माग कसा ऐकू?" मजुरी मीटरवर, कापडात दोष निघाला की पैसे कापतात. ज्या कानावर घर चालते तो कान बंद कसा करायचा?

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. वर्गात सर हळू आवाजात बोलतात, मागच्या बाकावरही अक्षर न् अक्षर ऐकू येते. ही शांतता मला कोणाच्या कानांच्या मोलाने मिळाली, ते मी जाणतो.

आता मी आबांशी समोर बसून, ओठ दिसतील असे बोलतो. आईही 'साठ' म्हणत नाही. 'पन्नास वर दहा' म्हणते.