वजनाचा जमाखर्च

हलक्या विमानाचा अभ्यास म्हणजे मोठ्या विमानाच्या अभ्यासाची पहिली इयत्ता, असा समज अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांत आणि, खेदाने म्हणावे लागते, त्यांच्या कित्येक अध्यापकांतही रूढ आहे. परंतु या विषयात उभे आयुष्य वेचल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, शंभर अश्वशक्तीच्या एंजिनावर दोन माणसांना घेऊन उडणारे विमान विद्यार्थ्याला जे शिकविते, ते शिकविण्याचे सामर्थ्य कोणत्याही महाकाय जेट विमानात नाही. मोठ्या विमानाचे काम शेकडो दालनांत वाटलेले असते, आणि ज्याने पंखाचा आकार निश्चित केला त्याने त्या पंखातला एक रिव्हेटही हाती धरलेला नसतो. लहान विमानात आराखडा काढणारा, पत्रा कापणारा आणि भाराच्या परीक्षेला उत्तर देणारा हा एकच इसम असू शकतो.

मी मूळचा कोल्हापूरचा, उद्यमनगरातल्या लेथच्या आवाजात वाढलेला. बंगळूरला शिकावयास गेलो तेव्हा आमच्याच मुलखातील डॉ. विष्णू माधव घाटगे यांनी त्या शहरात या विद्येचा पाया घातला आहे, याची मला वार्ताही नव्हती. पंखाच्या उद्धरणाचे, म्हणजे विमानाला उचलून धरणाऱ्या बलाचे, गणित ज्यांनी पहिल्या महायुद्धाच्या सुमारास बसवून दिले त्या लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली जर्मनीत गटिंगेन येथे शिकून आलेल्या या गृहस्थांनी १९४२ साली भारतीय विज्ञान संस्थेत विमानविद्येचा विभाग सुरू केला, आणि हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या कारखान्यात एचटी-२ हे दोन आसनांचे शिकाऊ विमान सिद्ध करून १९५१ साली ते आकाशात नेले. फळ्यावरचे गणित आणि कारखान्यातला हातोडा यांत त्यांनी भिंत मानली नाही, ही गोष्ट मला त्यांच्या पदव्यांहून मोठी वाटते. त्याच कारखान्याचे १९५८ चे पुष्पक विमान, दुरुस्तीसाठी कापड उतरविलेल्या अवस्थेत, मी प्रथम पाहिले तेव्हा जोडलेल्या पोलादी नळ्यांचा तो सांगाडा किती वेळ न्याहाळीत उभा राहिलो होतो, ते आज सांगता येणार नाही. प्रत्येक नळी कोठून भार घेते आणि कोठे पोहोचविते, हे तेथे उघड्या डोळ्यांनी वाचता येत होते.

पुढे आम्ही सहा विद्यार्थ्यांनी दोन आसनी विमानाचा आराखडा करावयास घेतला. भरलेल्या विमानाचे वजन ६०० किलोग्रॅम, आणि ज्या वेगाखाली पंख विमानाला तोलून धरू शकत नाही तो वेग ताशी ८३ किलोमीटरांहून अधिक नसावा, एवढ्या दोन अटी प्रथम लिहिल्या. आमच्या पंखाचा उद्धरण-गुणांक फार तर १.६ पर्यंत जाईल असे धरले, आणि समुद्रसपाटीवरील हवेची घनता घेऊन एका ओळीचे गणित केले, तो पंखाचे क्षेत्रफळ ११ चौरस मीटरांच्या थोडे वर आले. आजवर केवळ कल्पनेत असलेल्या वस्तूला माप मिळाले, आणि त्या दिवशी आम्हांला जो हर्ष झाला त्याची बरोबरी नंतरच्या कोणत्याही यशाने केलेली नाही.

त्यानंतर आमच्या अध्यापकांनी एक लांबट खतावणी आणून पुढ्यात ठेवली व सांगितले की, आजपासून या विमानात जाणाऱ्या प्रत्येक जिनसेची नोंद हिच्यात व्हावी: वजन किती, आणि नाकापासून अंतर किती. वजनावरून पंख ठरतो आणि अंतरावरून गुरुत्वमध्य. तो मध्य मागे सरकला तर विमानाचा स्थिर राहण्याचा गुणच नष्ट होतो, आणि फार पुढे गेला तर उतरताना नाक वर उचलत नाही. शिवाय वजनाला चक्रवाढ व्याज असते. आसन एक किलोने जड झाले की ते तोलावयास पंख वाढतो, वाढलेल्या पंखाला तुळई जाड लागते, जाड तुळईला एंजिन अधिक शक्तीचे हवे, आणि त्या एंजिनाला इंधन जास्त. म्हणून महिन्याच्या अखेरीस आम्ही त्या खतावणीचा ताळेबंद एखाद्या सावकाराच्या कारकुनाप्रमाणे काढीत असू.

या हिशेबाच्या भरात माझ्या हातून जो प्रमाद घडला, तो सांगितल्याखेरीज हा लेख पुरा व्हावयाचा नाही. पंखाची मुख्य तुळई, जिला कारखान्यात स्पार म्हणतात, तिच्या मुळाशी ड्युरॅल्युमिनच्या पट्ट्यांना ६ मिलिमीटर व्यासाचे बोल्ट होते. छिद्राच्या मध्यापासून कडेपर्यंत व्यासाच्या दुप्पट, म्हणजे १२ मिलिमीटर, धातू राखावा हा जुना शिरस्ता. मी पट्ट्यांची टोके ३ मिलिमीटरांनी छाटली, आणि प्रत्येक टोकामागे जेमतेम एक ग्रॅमची बचत मोठ्या अभिमानाने खतावणीत मांडली.

भाराच्या परीक्षेत पंख उलटा बसवितात, म्हणजे वर रचलेल्या वाळूच्या पिशव्या उद्धरणाचे काम करतात. उड्डाणात येऊ शकणारा भार वजनाच्या ३.८ पट, त्यावर दीडपट सुरक्षा धरून ५.७ पट, आणि एवढा भार पंखाने निदान तीन सेकंद पेलला पाहिजे, असा दंडक. आमच्या एका पंखाच्या वाट्याला सुमारे १७०० किलोग्रॅम येत होते. पिशव्या मुळाशी अधिक आणि टोकाकडे कमी अशा, पंखावरील भार वाटण्याच्या श्रेंकच्या पद्धतीने काढलेल्या कोष्टकाबरहुकूम, आम्ही एकेक करून ठेवीत गेलो. ३.८ पट भाराला पंख वाकला, पण शाबूत राहिला. साडेचार पटीच्या आसपास शेडमध्ये बंदुकीच्या बारासारखा आवाज झाला आणि पंख मुळातून खाली बसला. पिशव्या उपसून पाहिले तेव्हा बोल्टने धातू पुढे रेटून पट्टीची कड फाडलेली होती, नेमकी माझ्या छाटलेल्या टोकाशी. अध्यापक एक शब्दही रागावले नाहीत. ती पट्टी माझ्या हाती देऊन त्यांनी मला भिंगातून फाटलेली कड पाहावयास लावली आणि नव्या पट्ट्या मलाच कापावयास सांगितल्या. दुसऱ्या पंखाने ५.७ पट भार पेलला. धातूच्या बलाची कोष्टके मी त्याआधी तोंडपाठ म्हणत होतो, पण त्यांतील आकडा खरा असतो हे मला त्या संध्याकाळी कळले.

जर्मनीतील विद्यापीठांत विद्यार्थ्यांची विमानमंडळे आहेत. कर्मशाळेत ठरलेले तास हाताने काम केल्यावाचून तेथे सभासदाला उडावयास मिळत नाही. डार्मस्टाटच्या अशाच मंडळातील विद्यार्थ्यांनी काचतंतूंच्या मिश्रणाचे डी-३६ हे ग्लायडर बांधून १९६४ साली उडविले, आणि त्याच मंडळातून वाइबेल, लेम्के, होलिगहाउस हे पुढील काळातील अग्रगण्य ग्लायडर-रचनाकार बाहेर पडले. आपल्याकडील मुलांत बुद्धी वा उमेद उणी आहे असे मला कधीच दिसले नाही. त्यांना शेडची किल्ली मिळत नाही, एवढेच दिसले.

म्हणून ज्या महाविद्यालयांत विमानविद्या शिकविली जाते त्यांच्या चालकांस माझी कळकळीची विनंती आहे: पत्र्याची एक शेड, ग्रॅमपर्यंत अचूक असा एक तराजू, शंभर वाळूच्या पिशव्या आणि वर्षाला एक पंख बांधून मोडण्याची मंजुरी, एवढे आपल्या विद्यार्थ्यांना द्यावे.