चार नट आणि चौदा टन

आयटीवाल्याने गाडी घेतली, की तिची 'स्पोर्ट्स कार' करायची सुरुवात कुठून होते? चाकांपासून! शनिवारी सकाळी मारुंजीतल्या कुठल्याही सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक चक्कर मारा. दर दहा गाड्यांमागे एकीला तरी काळी अलॉय व्हील्स आणि लाल नाहीतर निळे चकाकणारे नट दिसतील. अलॉय निवडायला महिनाभर रिसर्च, एक्सेल शीट वगैरे. नट मात्र दुकानदार देईल ते.. रंग तेवढा मॅचिंग हवा.

माझी जुनी स्विफ्टही त्याच पंथातली. टायर बदलून आणल्यानंतर काही आठवड्यांनी पार्किंगमध्ये चाक उघडायला बसलो. एक नट काही केल्या हलेना. पान्याला पाईप लावून जोर दिला, तर 'टक्क' असा आवाज झाला आणि नटासकट अर्धा स्टड हातात आला. दुकानातल्या पोराने हवेच्या गनने नट कसताना "सर, आता बिनधास्त जावा, हलणार नाय" म्हटलं होतं. खरंच हलला नाही बिचारा!

तर मंडळी, आधी एक गोष्ट समजून घेऊ. चाक स्टडवर 'लटकलेलं' असतं असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. नट कसला की स्टड किंचित ताणला जातो, एखाद्या कडक स्प्रिंगसारखा. तो ताण चाकाला हबवर दाबून धरतो आणि त्या दाबातून तयार होणारं घर्षण गाडीचं वजन पेलतं. हा ताण आहे तोवर सगळं ठीक. तो गेला की चाक हबवर सूक्ष्म सरकायला लागतं, प्रत्येक फेरीत स्टड वाकतो आणि शेवटी थकून तुटतो. म्हणजे जास्त कसलेला नट आणि ढिला नट, दोघांचा शेवट एकच.

आकडेच बघा. माझ्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये ८५ न्यूटन-मीटर टॉर्क दिला आहे. स्टड १२ मिलिमीटरचा. आटे कोरडे असतील तर ढोबळ हिशेबाने एका स्टडमध्ये साडेतीन टनांच्या वर ताण येतो. चार स्टड म्हणजे चौदा टन! अख्खी गाडी एक टनाच्या आसपास, पण एकेका चाकाला चौदा टनांनी दाबून धरलंय. हवेच्या गनला मात्र ८५ न्यूटन-मीटर काय ते ठाऊक नसतं. ती घरघरत राहते आणि स्टड ताणत ताणत अशा टोकाला जातो, जिथून तो परत मूळ लांबीवर येत नाही.

आणखी एक गंमत. 'गंजू नये म्हणून' आट्यांना ऑइल लावलं की घर्षण कमी होतं आणि त्याच टॉर्कला ताण तीस-चाळीस टक्क्यांनी वाढू शकतो. मॅन्युअलमधला आकडा सहसा कोरड्या आट्यांसाठी असतो. तेव्हा आटे तारेच्या ब्रशने साफ करा, ऑइल नको.

स्टड बदलणं हे रॉकेट सायन्स नाही, पण घाईचं कामही नाही. चाक काढा, कॅलिपर तारेने वर टांगा (ब्रेकच्या पाइपवर लोंबकळत ठेवू नका), डिस्क काढा. स्टडच्या मुळाशी बारीक दाते असतात, त्यांनीच तो हबमध्ये घट्ट बसतो. हातोड्याने ठोकून तो निघतो, पण ते दणके बेअरिंगला बसतात. त्यापेक्षा प्रेस किंवा पुलर बरा. नवा स्टड मागून घालायचा, पुढून दोन-चार वायसर आणि एक जुना नट लावून हळूहळू ओढून घ्यायचा. मागचं डोकं हबला टेकलं की झालं. तो जुना नट मग भंगारात. मी भोसरीतल्या एका फिटर काकांकडून करून घेतलं. ते म्हणाले, "एक तुटला ना, मग बाकीच्या तिघांनी पण तेवढंच खाल्लंय. चारही बदल." बदलले.

आता नट. आमच्या भाषेत सांगायचं तर हा शुद्ध इंटरफेसचा प्रश्न आहे. मारुतीचे आटे १२ बाय १.२५, होंडा आणि ह्युंदाईचे बहुधा १२ बाय १.५. दिसायला सारखेच! चुकीचा नट दोन वेढे मजेत जातो, मग अडतो आणि गन त्याला आटे मारत आत ढकलते. म्हणून पहिले पाच-सहा वेढे हातानेच फिरवायचे.

दुसरी गोष्ट बैठकीची. बाहेरच्या बहुतेक अलॉयना ६० अंशांच्या शंकूची बैठक लागते, काहींना गोलाकार, काहींना सपाट. गोल खळग्यात शंकू बसवला तर तो जेमतेम एका कडेवर टेकतो. गाडी चालता चालता ती कड झिजते आणि ताण गायब! तिसरं, आट्यांची पकड किमान स्टडच्या जाडीएवढी हवी. १.२५ च्या आट्याला साडेनऊ-दहा वेढे, १.५ ला आठ. अलॉय जाड असेल किंवा स्पेसर लावला असेल तर लांब स्टड घ्या. आणि ते रंगीत ॲल्युमिनियमचे नट? हलके असतात, पण आटे मऊ. रोजच्या गाडीला साधे स्टीलचेच बरे.

गंमत म्हणजे आपल्या जिल्ह्यात बनलेल्या दोन चपळ गाड्यांना, चाकणच्या पोलो जीटीला आणि रांजणगावच्या अबार्थ पुंटोला, स्टडच नाहीत. तिथे बोल्ट थेट हबमध्ये जातो. नियम मात्र तेच.

हे फक्त आपल्यासारख्यांचं दुखणं आहे असंही नाही. २०१८ मध्ये मेलबर्नला हास टीमच्या दोन्ही फॉर्म्युला वन गाड्या चौथ्या-पाचव्या नंबरवर असताना पिटमध्ये नट नीट न बसल्यामुळे शर्यतीबाहेर गेल्या. २०२१ मध्ये मोनॅकोला बोटासच्या मर्सिडीजचा नट गनने असा सोलवटला, की ते चाक निघालं थेट इंग्लंडच्या फॅक्टरीत, दोन दिवसांनी!

असो. चाक बसवताना हबचा गंज खरवडा, नट समोरासमोरच्या क्रमाने कसा आणि शेवटचा जोर टॉर्क रेंचनेच द्या. मग ५० ते १०० किलोमीटर चालवून पुन्हा तपासा. मारुंजीहून मुळशी धरणापर्यंत जाऊन आलात की तेवढं अंतर सहज होतं. घरची मंडळी मागे बसवून ताम्हिणी उतरायचा बेत असेल, तर हा फेरा त्याआधीच्या रविवारी उरकून घ्या.