कापलेले नाक, जोडलेले नाक

कुंडलच्या उसाच्या मुलखात गळीत हंगामाची वर्दी डोळ्यांआधी नाकाला मिळते. गुऱ्हाळाच्या काहिलीवरचा गोड दरवळ आणि साखर कारखान्याच्या मळीचा आंबूस दर्प, दोन्ही एकाच वाऱ्यावर येतात. परंतु माणसांच्या बोलण्यात नाक येते ते वासासाठी नव्हे, अब्रूसाठी. "फादर, पोरीनं आमचं नाक कापलं," असे सांगत आईबाप आमच्याकडे येतात. मुलीने घराच्या मनाविरुद्ध लग्न केलेले असते आणि तिला उंबरा बंद झालेला असतो. ज्या नाकापायी माणसे पोटचे लेकरू तोडतात, ते नाक घडले आहे तरी कसे, हे एकदा पाहावेसे आम्हांस वाटले.

बाहेर दिसणारे नाक ही केवळ ओसरी होय. तिचा वरचा सुमारे एक तृतीयांश भाग तेवढा हाडाचा. खाली लवचीक कूर्चा आणि तिच्यावर त्वचा. खरे घर आत आहे. मधला पडदा त्याचे दोन भाग करतो. प्रत्येक भागाच्या बाहेरील भिंतीवर शिंपल्यासारखी वळलेली तीन हाडे असतात. त्यांच्यावरील ओलसर, रक्ताने भरलेल्या अस्तरावरून जाताना थंड हवा उबदार आणि कोरडी हवा दमट होते. धूळ शेंबडाला चिकटते व अस्तरावरचे सूक्ष्म केस तिला घशाकडे लोटतात. छताशी, चाळणीसारख्या हाडाखाली, गंध ओळखणारा छोटासा पट्टा असतो. त्याचे मज्जातंतू त्या चाळणीतून मेंदूकडे जातात. २०२०-२१ मध्ये कोविडच्या साथीत अनेकांची ही शक्ती काही काळ हरपली, तेव्हा ताटातले कालवणही बेचव झाले. नाकाचे सारे मोल असे आत आहे. आम्ही मात्र ओसरीलाच अब्रू समजतो.

ही ओसरी तोडण्याची शिक्षा पूर्वी खरोखरच दिली जाई. १७९२ च्या युद्धात इंग्रजांच्या फौजेबरोबर बैल हाकणारा कावसजी टिपूच्या हाती सापडला आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. वर्षभर तो तसाच राहिला. मग पुण्याजवळच्या एका वीटकाम करणाऱ्या जातीच्या माणसाने त्याला नवे नाक दिले. क्रुसो व फिंडले या दोन इंग्रज डॉक्टरांनी ती शस्त्रक्रिया पाहिली, आणि ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझीन'मध्ये तिचे वर्णन छापून आले. रुग्णाचे नाव त्यात आहे. बरे करणाऱ्याचे नाही.

त्याने मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या थोटकावर बसवून माप घेतले, तो सपाट करून कपाळावर ठेवला आणि कडेने रेघ आखली. तेवढी त्वचा सोडवली. पण दोन डोळ्यांच्या मधली एक चिंचोळी पट्टी जोडलेलीच राखली. त्वचा पिळा देऊन खाली वळवली, कडा जुन्या जागी बसवल्या आणि कात लावलेल्या कापडाच्या पट्ट्यांनी चिकटवल्या. पुढे तुपात भिजवलेले कापड ठेवले. दहाव्या दिवशी नाकपुड्या मिटू नयेत म्हणून मऊ चिंध्या घातल्या. सुमारे पंचविसाव्या दिवशी ती पट्टी कापली. हे वर्णन वाचूनच जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये लंडनमध्ये ही शस्त्रक्रिया केली.

सारे रहस्य त्या पट्टीत आहे. तिच्यातून रक्त येत होते म्हणून नवे नाक जगले. नव्या जागी मूळ धरण्याआधीच ती तुटती, तर त्वचा काळी पडून गळून जाती.

आमच्या घरांत नेमके उलटे घडते. नाक कापले गेले म्हणताक्षणी आम्ही आधी पट्टीच तोडतो. फोन बंद, निरोप बंद, नातवाच्या बाप्तिस्म्यालाही कोणी जायचे नाही. मग अब्रू जुळावी कशी? उत्पत्तीच्या पुस्तकात देवाने मातीच्या माणसाच्या नाकपुड्यांत श्वास फुंकला तो जगण्यासाठी. मानापमान नंतर आम्ही चिकटवला.

ज्यांच्या घरी असा उंबरा बंद आहे, त्यांना आमचे एवढेच सांगणे आहे. सगळे आजच विसरा असे आम्ही म्हणत नाही; जखमेला तिचे दिवस लागतातच. परंतु तोवर एक चिंचोळी पट्टी तरी राखा. आजारपणाची चौकशी करा, सणाला फराळाचा डबा धाडा. लेकीने दार वाजवले, तर आत कोणीतरी जागे असावे.