पाळत

आमच्या घरात एकाच वर्षी दोन एसेस्सी होत्या. साल १९७५. हे कसं काय, असं हल्लीची मुलं विचारतात, म्हणून सांगते. तोवर मॅट्रिकची परीक्षा अकरावीला असायची. मग १०+२+३ चा नवा आकृतिबंध आला, बोर्ड दहावीवर आलं, आणि त्या एका वर्षी जुनी अकरावी आणि नवी दहावी अशा दोन्ही तुकड्या परीक्षेला बसल्या. काकांचा दादा अकरावीत, माझा सख्खा भाऊ दहावीत. दोघांत सव्वा वर्षाचं अंतर, पण दादा तो दादा.

घर म्हणजे डोंबिवलीच्या एका चाळीतल्या दोन खोल्या आणि पुढची गॅलरी. आजी, काका-काकू, आई-बाबा, टेलिफोन खात्यात नोकरी करणारी आत्या, आणि आम्ही पाच पोरं: दादा, भाऊ, आक्का, मी आणि काकूचं शेंडेफळ बाळ्या. मी तेव्हा नऊ वर्षांची. परीक्षेआधी तीन महिने रेडिओ बंद. रात्री दादा गॅलरीतल्या दिव्याखाली वाचायचा, भाऊ स्वयंपाकघरात. आम्ही धाकटे अंथरुणात नुसते कुजबुजलो तरी आजीचा हुंकार यायचा. परीक्षेच्या सकाळी दोघांच्या तळहातावर दही. दोन पुठ्ठे, दोन कंपासपेट्या, देवापुढे ठेवलेली दोन हॉलतिकिटं. काकूने आणि आईने कशात म्हणून फरक केला नाही. फरक बोर्डाने केला.

जूनमध्ये निकाल लागला. भाऊला एकसष्ट टक्के. दादा गणितात आणि इंग्रजीत गेला.

'गेला' हाच शब्द. विषयात जाणं, वर्ष बुडणं, ऑक्टोबरची वारी करणं, आणि शाळाच सुटली तर सतरा नंबरचा फॉर्म भरून 'बाहेरून' बसणं. परक्या माणसाने आमची परीक्षेची भाषा ऐकली असती, तर त्याला वाटलं असतं की ही माणसं पुराबद्दल नाहीतर पंढरपूरबद्दल बोलताहेत.

आता पेढ्यांचं. भाऊ पहिल्या वर्गात पास झाला, म्हणजे चाळीत पेढे वाटायला हवेत. पण घरात एक पोरगं नापास झालेलं असताना वाटायचे कसे? आई नको म्हणाली. काकूच उठली, पायात चपला सरकवल्या आणि स्टेशनाजवळच्या दुकानातून अर्धा किलो पेढे घेऊन आली. पुतण्याचे पेढे तिने स्वतःच्या पैशांनी आणले, हे आई शेवटपर्यंत सांगायची. मग आजीने फर्मान काढलं की वाटायला दादालाच पाठवा. त्याला काही वाटलेलं नाही, दोघा भावांत काही नाही, हे लोकांना दिसलं पाहिजे.

दादा गेला. आमचं धरून चाळीत पंधरा बिऱ्हाडं होती. म्हणजे चौदा दारं. हातात स्टीलचं ताट, त्यावर क्रोशाचा रुमाल. मी आणि बाळ्या पेढ्याच्या आशेने त्याच्या मागे. प्रत्येक दारात तो म्हणायचा, "भाऊ पास झाला, फर्स्ट क्लास." आणि प्रत्येक दारातून पुढचा प्रश्न यायचा, "आणि तू रे?"

परत आल्यावर त्याने ताट विसळून जाळीच्या कपाटात ठेवलं. काकूला बरं वाटलं. "काही मनाला लावून घेतलं नाही हो पोराने," ती आईला म्हणाली.

मनाला लावून घेणं. हाय खाणं. धसका घेणं. खचणं. जिवाला घोर लागणं. मनासाठी आमच्या घरात इतके शब्द होते, पण त्यातला एकही शब्द ज्याचं मन त्याच्याशी बोलताना वापरायची पद्धत नव्हती. ते सगळे त्याच्या पाठीमागे, स्वयंपाकघरात, हलक्या आवाजात वापरायचे. तोंडावर फक्त "जेवून घे" आणि "झालं गेलं विसर".

दादाने विसरायचा प्रयत्न केला असेल, पण ते जमत नव्हतं हे आम्हा पोरांनाही दिसत होतं. जेवण तुटलं. रात्री सगळे निजले की तो गॅलरीत येरझाऱ्या घालायचा आणि पुटपुटायचा. काकूने मीठ-मोहरीने दृष्ट काढली. डॉक्टरांनी ताकदीचं लाल टॉनिक दिलं. बाबांनी त्याला शेजारी बसवून तासभर उपदेश केला, त्यात शिवाजी महाराज होते, एडिसन होता आणि बाबांचे स्वतःचे १९५२ सालचे हाल होते. जूनच्या अखेरीस देशात आणीबाणी लागली. आमच्या घरात ती आधीच लागलेली होती.

मग एका सकाळी नळावर शेजारच्या बाई काकूला म्हणाल्या, "रात्री एकटाच बोलत असतो. ठाण्याला दाखवून आणा एकदा."

मुंबईच्या उपनगरांत वाढलेल्यांना 'ठाण्याला'चा अर्थ सांगायला नको. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ सालचं. पुणेकरांचं येरवडा, कोकणातल्यांची रत्नागिरी, विदर्भातल्यांचं नागपूर, तसं आमचं ठाणे. गावाचं नाव घेतलं की पुरे, पुढचं बोलायला लागायचं नाही. भांडणात आम्ही पोरंही एकमेकांना ठाण्याला पाठवायचो. पण त्या दिवशी काकू बादली तशीच टाकून वर आली, आणि त्यानंतर दादाचा विषय मोठ्यांच्या तोंडूनही बंद झाला.

बंद झाला, पण घर गप्प बसलं नाही. त्याच दिवशी आईने आम्हा धाकट्यांना माडीच्या जिन्यात गाठून सांगितलं, "दादा कुठे जातो, काय करतो, लक्ष ठेवायचं. त्याला कळू द्यायचं नाही."

आम्हाला काय, खेळच मिळाला. आक्काने वहीच्या पानावर पाळ्या आखल्या. शाळेआधी मी, दुपारी बाळ्या, संध्याकाळी आक्का आणि मी मिळून. दादा स्टेशनकडे निघाला की आम्ही वीस पावलं मागे. तो पुलावर उभा राहून गाड्या बघायला लागला की आम्ही जिन्याच्या कठड्याआड. चाळीमागे एक विहीर होती. तिच्यावर वर्षानुवर्षं काही नव्हतं, त्या आठवड्यात काकांनी सुतार बोलावून तिला लाकडी झाकण बसवलं. कुणी विचारलं तर म्हणायचे, पोरांचा चेंडू पडतो. आत्याने स्वयंपाकघरातलं ढेकणाचं औषध ऑफिसात नेऊन टाकलं. आजी रात्री दादाच्या पायथ्याशी झोपायला लागली, कारण म्हणे तिथे वारा येतो.

हे सगळं का चाललं होतं, ते मला समजायला पंधरा वर्षं लागली. मोठ्यांना सगळं कळलेलं होतं. सहाही जणांना, एकमेकांत न बोलता. विचारणं सोडून त्यांनी सगळं केलं. विचारायची भीती वाटत असणार. नाव घेतलं तर तेच पोराच्या डोक्यात भरवल्यासारखं होईल ही एक, आणि पोलिसांची दुसरी. तेव्हा कलम ३०९ होतं. जीव द्यायचा नुसता प्रयत्न हासुद्धा गुन्हा. अशा प्रयत्नाच्या मागे तीव्र ताण असतो असं धरून चालावं, शिक्षा न करता मदत द्यावी, हे कायद्याने म्हणायला २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा यावा लागला.

आणि मदत जवळपास नव्हतीच असं नाही, याचाच मला राग येतो. मुंबईत टाटांच्या समाजकार्य शाळेने, म्हणजे आजच्या टिसने, १९३७ सालीच बाल मार्गदर्शन केंद्र काढलं होतं. पुण्यात १९६२ पासून अप्पा पेंडशांची ज्ञान प्रबोधिनी मानसशास्त्राच्या पायावर शिक्षणाचे प्रयोग करत होती. डोंबिवलीहून मुंबईला आमच्या घरातली तीन माणसं रोज ये-जा करायची. पण मुलाचं मन दाखवायला कुठे न्यायचं असतं ही कल्पनाच त्या लोकलमध्ये कधी चढली नाही. शाळेची तर गोष्टच सोडा. निकालाच्या दिवशी शाळेने पास झालेल्यांना रांगेत उभं करून गुणपत्रिका दिल्या आणि बाकीच्यांना शिपायाच्या टेबलावरून घ्यायला सांगितल्या. शाळेचं नाव घेत नाही. तेव्हा सगळ्याच शाळा थोड्याफार तशाच होत्या.

दादा ऑक्टोबरला बसला आणि सुटला. पुढे आयटीआय करून अंबरनाथच्या एका कारखान्यात टर्नर म्हणून लागला, तिथूनच फोरमन होऊन निवृत्त झाला. भाऊ बँकेत गेला. लग्नं झाली, चाळ पाडून तिथे इमारत उभी राहिली, झाकणासकट विहीरही बुजली. त्या पावसाळ्याबद्दल घरात कोणी चकार शब्द काढला नाही.

मधल्या काळात जग आपल्या गतीने हललं. १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णींनी आयपीएच ही मानसिक आरोग्यासाठी काम करणारी संस्था काढली, तीही नेमकी ठाण्यात. पुढे त्यांचे 'वेध'चे कार्यक्रम सुरू झाले, तेव्हा आक्का आपल्या मुलीला तिथे घेऊन निघाली. फोनवर आईचा सूर एकदम बदलला. "ठाण्याला? कशाला? काय झालं तिला?" २००२ मध्ये सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकरांचा 'दहावी फ' आला, आम्ही सगळे मिळून पाहिला. 'फ' तुकडीतली ती पोरं पडद्यावर आली तेव्हा दादा पाणी पिऊन येतो म्हणून बाहेर गेला, तो मध्यंतरानंतर परतला. आम्ही पाळतीवरची जुनी माणसं. आक्काने मला कोपराने ढोसलं, पण मागे कोणी गेलं नाही.

तीच आक्काची मुलगी, आमची सगळ्यांची भाची, आता एका शाळेत समुपदेशक आहे. जिन्याखालची खोली, पूर्वी तिथे नकाशे आणि कवायतीच्या लाठ्या ठेवत. सकाळ-दुपारचं अधिवेशन मिळून सतराशे मुलं आणि ही एकटी. आई-वडिलांना बोलावलं की निम्मे येतात तेच मुळी "आमचा मुलगा काय वेडा आहे का?" असं म्हणत. मुलं मात्र आल्या आल्या विचारतात, "मॅडम, आईला सांगणार नाही ना?" ती आधीच सांगून टाकते की सगळं तुझ्या-माझ्यात राहील, फक्त तुझ्या जिवाला धोका वाटला तर मला सांगावंच लागेल, आणि सांगण्याआधी तुला विचारेन. २०२५ च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थांत निदान एक समुपदेशक हवाच असं सांगितलं, तेव्हा तिने ती बातमी कापून मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवली. लाठ्या परत त्या खोलीत याव्यात अशी काहींची इच्छा होती म्हणे.

गेल्या भाऊबिजेला आम्ही अंबरनाथला दादाकडे जमलो होतो. फराळ झाल्यावर भाऊ नेहमीच्या सुरात सुरू झाला. "आमच्या वेळी कुठे होते समुपदेशक? अकरा माणसांचं घर होतं, तेच आमचं समुपदेशन. आम्ही नाही झालो मोठे?" मीही हे वाक्य पूर्वी टाळ्यांसाठी वापरलेलं आहे. भाची शांतपणे म्हणाली, "मामा, अकरा माणसांत कोणी विचारायचं का पण? आम्ही सरळ विचारतो, जगणं नकोसं वाटतंय का म्हणून. विचारल्याने ते डोक्यात शिरत नाही, हे अभ्यासांतून दिसलंय. बहुतेक मुलांना सुटल्यासारखं वाटतं."

दादा चकली मोडत होता. मान वर न करता म्हणाला, "तुम्ही मागे असायचात ते मला माहीत होतं."

कोणी काही बोललं नाही.

"बाळ्या चार वर्षांचा. त्याची पाळी असली की मी हळू चालायचो. रूळ ओलांडताना चुकला असता तो. एकदा तर दमला म्हणून मीच उचलून आणला, आणि घरी सांगितलं की वाटेत भेटला." मग तो हसला. "पुलावर मी शेंगदाण्याच्या दोन पुड्या घ्यायचो. एक कठड्यावर विसरून यायचो. ती तुम्ही खायचात."

खायचो. आक्काला आणि मला दोघींनाही त्या पुड्या आठवल्या. कोणाच्या तरी राहिल्या म्हणून आम्ही खूश व्हायचो.

"आणि ती चौदा दारं," दादा म्हणाला. त्याला सगळी क्रमाने आठवत होती. कोणाच्या दारात कोणती रांगोळी होती ते सुद्धा. "तेरा जणांनी विचारलं, आणि तू रे? सात नंबरच्या आजोबांनी नुसता पेढा घेतला आणि दार लावलं. तेच बरं वाटलं."

"तेरा जणांनी निकाल विचारला दादामामा," भाची म्हणाली. "तुला विचारलं नाही कोणी." आणि सगळ्यांच्या देखत, फराळाच्या ताटल्या मध्ये असताना, तिने त्याला तिचा तो सरळ प्रश्न विचारला. पन्नास वर्षांनी. भाऊ खिडकीशी जाऊन उभा राहिला. दादाने चकलीचा चुरा बोटाने गोळा केला, तोंडात टाकला आणि म्हणाला, "हो. वाटायचं. दिवाळीपर्यंत."

यंदा दहावीचा निकाल ऑनलाइन दुपारी एकला लागायचा होता. भाची अकरा वाजल्यापासून जिन्याखालच्या खोलीत दार उघडं ठेवून बसली होती. फळ्यावर तिने १४४१६ हा टेलिमानसचा नंबर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवला होता. दादा तिला डबा द्यायला म्हणून अंबरनाथहून लोकलने गेला. संध्याकाळी पाचपर्यंत तो व्हरांड्यातल्या बाकावर बसून होता. बरोबर शेंगदाण्यांची पिशवी होती, ती रिकामी घेऊन आला.