डिग्री नसलेली डिझायनर

कोल्हापूरच्या शिरोली आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या मशीन शॉपना लागणारी फिक्स्चर मी डिझाइन करते. कास्टिंग मशीनवर नेमकं कसं बसवायचं, कुठे टेकवायचं, कुठे आवळायचं, हे ठरवून त्याचं ड्रॉइंग करून देणं हा माझा धंदा. माझ्याकडे इंजिनिअरिंगची पदवी नाही, डिप्लोमाही नाही. शिक्षण आयटीआय, ट्रेड ड्राफ्ट्समन मेकॅनिकल. दहावी-बारावीचे निकाल लागले की ओळखीपाळखीतले आईबाप पोरांना घेऊन येतात आणि विचारतात, "ताई, डिग्री नसली तरी चालतंय न्हवं?" हो म्हणून मोकळं व्हावं, इतकं ते सोपं नाही. म्हणून माझ्या वाट्याला काय आलं, ते सांगते.

दहावीला गणितात मार्क चांगले होते. घरची शेती थोडी, त्यातही वाटे पडलेले. पोरीनं बारावी करावी, बीए व्हावं आणि मग लग्न, असा घरातला विचार होता. "ग्रॅज्युएट पोरीला स्थळं चांगली येत्यात," असं चुलते सारखं म्हणायचे. शाळेतल्या चित्रकलेच्या सरांनी आयटीआयचा फॉर्म आणून दिला. दोन वर्षांचा कोर्स, फी परवडणारी, जाण्यायेण्याला एसटीचा पास. वडिलांनी, म्हणजे आण्णांनी, सरांना एकच विचारलं, "ह्यात पोट भरतंय का?" सर म्हणाले, "भरतंय." आण्णांनी फॉर्मवर सही केली.

त्या दोन वर्षांत जे हातात बसलं, त्यावर मी आजही जगते. सर टेबलावर बिडाचा व्ही-ब्लॉक ठेवायचे आणि सांगायचे, मोजा आणि काढा. व्हर्नियरने माप घ्यायचं, ०.०२ मिलिमीटरपर्यंत वाचायचं, मग कागदावर तीन दृश्यं. पातळ रेघांना टू एच पेन्सिल, बाहेरच्या ठळक रेघांना एचबी. रेघ ओढताना पेन्सिल बोटांत फिरवत राहायची, नाहीतर टोक एका बाजूने झिजतं आणि रेघ पुढे जाड होत जाते. सर नुसती रेघ बघून सांगायचे, "फिरवली नाहीस." शिवाय ड्राफ्ट्समनच्या मुलांनाही वर्कशॉपमध्ये फिटरचं, टर्नरचं थोडं थोडं काम करावं लागायचं. लोखंडाचा तुकडा व्हाइसमध्ये धरून, फाइल मारून सपाट करायचा, काटकोन्या लावून उजेडात बघायचा. फटीतून उजेड दिसला की पुन्हा फाइल. ज्याने हे केलंय, तो ड्रॉइंगवर विनाकारण शंभराव्या भागाचा टॉलरन्स टाकत नाही. त्या एका आकड्यासाठी कामगाराला काय करावं लागतं आणि मालकाला ग्राइंडिंगचा किती खर्च येतो, हे त्याच्या मनगटाला ठाऊक असतं.

पुढे १९६१च्या अॅप्रेंटिस कायद्याखाली एका कारखान्यात उमेदवारी केली. विद्यावेतन तुटपुंजं होतं, पण ड्रॉइंग ऑफिस आणि शॉप फ्लोअर यांच्यामध्ये एकच दार होतं आणि मला दोन्हीकडे फिरायला मुभा होती. ट्रेसिंग पेपरवर शाईने काढायचं, अमोनियाच्या मशीनमधून प्रिंट काढायच्या, डोळ्यांतून पाणी यायचं. नंतर ऑटोकॅड आलं. पुष्कळ जुने ड्राफ्ट्समन तिथे थांबले. मी सुट्टीच्या दिवशी क्लासला जाऊन शिकले. लग्न झालं, मुलं झाली, नोकरी चालू राहिली.

त्याच काळातली एक गोष्ट माझ्या चांगली लक्षात आहे. बाहेरच्या देशातल्या ग्राहकाचं कास्टिंग आलं होतं. नुकताच रुजू झालेला, पदवीला उत्तम मार्क मिळवलेला इंजिनिअर त्याच्या फिक्स्चरचं काम करत होता. प्लेटी कापायला जाणार, त्याआधी ड्रॉइंग तपासायला माझ्याकडे आलं. ग्राहकाच्या ड्रॉइंगवर टायटल ब्लॉकच्या कोपऱ्यात एक चिन्ह असतं, कापलेला शंकू आणि शेजारी दोन वर्तुळं. आपल्याकडे शाळेपासून फर्स्ट अँगल शिकवतात, त्यात वरून दिसणारं दृश्य खाली काढतात. अमेरिकेत थर्ड अँगलची पद्धत, तिथे ते वरच असतं, आणि डावी-उजवी बाजूही जागा बदलते. हे ड्रॉइंग थर्ड अँगलचं होतं, आणि त्याने ते फर्स्ट अँगल म्हणून वाचलं होतं. बाजूची भोकं आरशात दिसावीत तशी उलट्या अंगाला पडली असती. मी त्याला चिन्ह दाखवलं. तो हुशार मुलगा, क्षणात समजला. कॉलेजात हे शिकवलं होतं त्याला, पण एका सेमिस्टरमध्ये, परीक्षेपुरतं. आम्ही वर्षानुवर्षं तेच करत होतो. तेव्हापासून तो प्रत्येक ड्रॉइंग माझ्याशेजारी बसून वाचायचा. ताकद आणि भाराचं गणित मी त्याच्याकडून शिकले. क्लॅम्प किती आवळला तर कास्टिंग वाकेल, हे मी अंदाजाने सांगायचे, तो कागदावर मांडून दाखवायचा. पदवीला किंमत नाही असं कोणी म्हटलं की मला ते गणित आठवतं.

सीनिअर डिझायनरची जागा निघाली तेव्हा मात्र ती त्याला मिळाली. नियमात किमान पात्रता डिप्लोमा किंवा पदवी अशी लिहिलेली. माझ्या साहेबांनी माझ्यासाठी शब्द टाकला, पण रकाना भरत नव्हता. तेच काम, तोच बोर्ड, पगारात मोठा फरक. मला ते फार लागलं, आजही लागतं. काम बघून माणूस ठरवायला वेळ द्यावा लागतो, कागद बघून ठरवायला लागत नाही, म्हणून कारखाने कागद बघतात. हे चूक आहे असंच माझं मत आहे. पण ज्या पोराला तिथेच नोकरी करायची आहे, त्याने हा रकाना आहे हे धरूनच चालावं.

मी नोकरी सोडली आणि घरच्या पुढच्या खोलीत स्वतःचं काम सुरू केलं. पहिली कामं जुन्या फोरमननी पाठवली. इथे कोणी प्रमाणपत्र मागत नाही. "कधी देताय?" आणि "मागचं बरोबर बसलं," एवढंच बोलणं होतं.

आमच्या कोल्हापुरात या विषयावर भाषण झालं की बाबूराव पेंटरांचं नाव निघतंच. शाळा फारशी नाही, आणि तरी स्वतःचा सिनेमाचा कॅमेरा घडवला, १९२०मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आणला. अभिमान मलाही आहे. पण त्यांचं घर मेस्त्र्यांचं. वडील कारागीर, चुलतभाऊ आनंदराव जोडीला. हत्यारं, साहित्य आणि शिकवणारा माणूस घरातच होता. ज्याच्या घरी ते नाही, त्याला शिकायला दुसरी जागा लागते, आणि नुसतं "डिग्री कशाला हवी" म्हणून ती जागा मिळत नाही. माझ्यासाठी ती जागा आयटीआय होती.

काही कामांत तर कायदाच आडवा येतो. इमारतीच्या नकाशावर सही नोंदणीकृत आर्किटेक्टची किंवा परवानाधारक इंजिनिअरचीच लागते, माझी रेघ कितीही सरळ असली तरी. डॉक्टर, वकील यांचं सांगायलाच नको. माझ्या मुलीला औषधांच्या व्यवसायात जायचं होतं. तिथे नोंदणीकृत फार्मासिस्टशिवाय दुकान चालत नाही, पण नोंदणीला डी. फार्म. हा डिप्लोमा पुरतो. तिने तोच केला. चार वर्षांच्या पदवीचा आग्रह नातेवाइकांचाच जास्त होता.

मला खरी काळजी वाटते ती वेगळ्याच मुलांची. जमिनीवर कर्ज काढून, कुठल्यातरी कॉलेजात, कुठलीतरी शाखा मिळाली म्हणून पदवी घेतलेली मुलं माझ्याकडे काम मागायला येतात. पोरं कष्टाळू असतात. पण मायक्रोमीटर हातात धरून माप घ्यायची वेळ त्यांच्यावर आलेली नसते, आणि घरी हप्ता सुरू झालेला असतो. त्यांना मी शिकवते, जमेल तितक्यांना ठेवून घेते. हीच मुलं दहावीनंतर आयटीआयला गेली असती तर पदवीचं दार बंद झालं नसतं. दोन वर्षांचा ट्रेड करून डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, आणि डिप्लोमा करून पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला. माझा भाचा याच वाटेने गेला. आता तो पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि सुट्टीत माझ्याकडे ड्रॉइंग करून स्वतःची फी भरतो.

तेव्हा दहावी झालेलं मूल घरात असेल आणि त्याला हाताने काही करायची आवड असेल, तर कॉलेजची फी भरण्याआधी त्याला एकदा जवळच्या आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये घेऊन जा. तिथल्या सरांशी बोला, कुठल्या ट्रेडची मुलं कुठे लागली ते विचारा, आणि मुलालाही त्याचं मत विचारा. आयटीआयच्या प्रवेशाचे अर्ज ऑनलाइन असतात आणि दहावीच्या निकालाच्या सुमारासच सुरू होतात, तेवढी तारीख चुकवू नका.